गाठ सुटली पाहिजे

वात्स्यायनाच्या कामसूत्रात रतिक्रीडेतील प्रहारांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात तीन अपघात सांगितले आहेत. चोळ राजाच्या हातून चित्रसेना नावाची गणिका मेली, कुंतलच्या शातकर्णी सातवाहनाच्या हातून त्याची पट्टराणी मलयवती गेली आणि तिसऱ्या एकाने नटीचा डोळा घालवला. प्रसंग तिन्ही ठिकाणी प्रणयाचाच होता. वात्स्यायन कारणही देतो. भरधाव सुटलेल्या घोड्याला वाटेतला खड्डा दिसत नाही, तसे आवेगात असलेल्या माणसाचे होते. सातवाहन आपल्या पैठणचे. तेव्हा बीडीएसएम, म्हणजे प्रणयात बांधणे, हुकूम सोडणे-मानणे, वेदना देणे-घेणे, हे हल्लीचे परदेशी खूळ आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत.

ही आवड असणे हा आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाने परस्परसंमतीच्या अशा संबंधांना विकारांच्या यादीतून वगळले. जबरदस्तीने दिलेल्या पीडेत सुख शोधणे यादीत कायम राहिले. आपल्याकडे मात्र या विषयाची ओळख होते ती चोरून पाहिलेल्या चित्रफितींतून. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ला २०१५मध्ये सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारले, म्हणून तो कोणी पाहिला नाही असे थोडेच आहे? पडद्यावर दोरी दिसते. त्याआधीचे बोलणे दिसत नाही, आणि खरे काम तिथेच असते.

ते बोलणे दिवसाउजेडी, कपडे घातलेले असताना, चहा पिताना व्हावे. प्रत्येकी एक कागद घ्यावा, त्यावर तीन रकाने आखावेत: ‘हो’, ‘नको’, ‘बघू’. दोघांनी आपापला कागद वेगळा भरावा, मग शेजारी ठेवावा. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन इथे पूर्ण निरुपयोगी आहे; मोकळा राहिलेला रकाना म्हणजे ‘नको’च. आणि दिलेला होकार त्या दिवसापुरता, त्या गोष्टीपुरता. दमा, मधुमेह, जुनी खांदेदुखी, रक्त पातळ करणारी गोळी, एखादी जुनी भीती हेही याच वेळी सांगायचे.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या शब्दाची. मराठी पोरांना ती शिकवावी लागत नाही. अंगणात पकडापकडी चालू असते, कोणीतरी ‘टॅम्प्लीज!’ ओरडते आणि ज्याच्यावर राज्य आहे तोही जागच्या जागी थांबतो. चपलेचा पट्टा तुटला असेल, आईने हाक मारली असेल. कारण कोणी विचारत नाही. इथेही नेमके तेच हवे. ‘नको’, ‘सोड’ हे शब्द अशा खेळात कधी कधी नाटकाचा भाग असतात, म्हणून थांबण्याचा शब्द भलताच असावा. ‘पासबुक’ म्हणा, ‘दुधी भोपळा’ म्हणा. हसू आले तर येऊ द्या. तोंडावर कापड असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा; तो खाली पडला की सारे थांबले. मात्र ठरलेला शब्द उच्चारला गेलाच नाही, पण समोरचा थिजला आहे, बोलेनासा झाला आहे, तरीही थांबायचेच. आणि शब्द ऐकूनही जो थांबत नाही तो खेळत नाही, मारहाण करतो. त्यासाठी ११२ क्रमांक आहे.

आता शरीराकडे. नवखे लोक मऊ म्हणून रेशमी ओढणी घेतात, आणि नेमकी तिचीच गाठ ताण बसला की आवळत जाते. गाठ सुरगाठीसारखी, ओढली की सुटणारी हवी. निरगाठ नको, सरकफास तर मुळीच नको. कापड आणि कातडी यांत दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. दंडाच्या बाहेरच्या बाजूने हाडालगत एक मज्जातंतू जातो. तो दबला तर मनगट लुळे पडते आणि पूर्ववत व्हायला आठवडे लागू शकतात. मुंग्या आल्या, बोटे गार पडली, की गाठ सोडण्याचा खटाटोपही करू नये, सरळ कापावी. बँडेज कापायची बोथट टोकाची कात्री त्यासाठी हाताशी हवी. बांधलेल्या माणसाला एकटे सोडून दारावरचे पार्सल घ्यायलासुद्धा जायचे नाही. मारण्याच्या खेळात मान, कणा, कमरेवरची मूत्रपिंडांची जागा आणि माकडहाड वर्ज्य. गळा आवळण्याची सुरक्षित पद्धत अस्तित्वातच नाही. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की काही सेकंदांत शुद्ध जाते, मग खूण करणार कोण?

दारू प्यायलेल्या अवस्थेत यातले काहीही करू नये. अनोळखी जोडीदाराशी पहिली भेट चारचौघांत, मित्राला पत्ता सांगून व्हावी. फोटो काढूच नयेत. आज प्रेमाने काढलेला फोटो उद्या खंडणीचे हत्यार होतो.

कायदा या बाबतीत फार आधार देत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २५ अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झालेल्या इजेला सूट देते, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचा हेतू नसेल आणि तशी शक्यता ठाऊक नसेल तरच. उदाहरण आहे ते करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे. शयनगृहाचा उल्लेख नाही. ब्रिटनमध्ये १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी अशा खेळात झालेल्या इजांसाठी प्रौढ पुरुषांची आपसांतली संमतीही बचाव म्हणून नाकारली. आणि प्रौढ पत्नीवरील पतीच्या जबरदस्तीला आपला कायदा आजही बलात्कार म्हणत नाही. त्यामुळे ‘ती माझी बायकोच आहे’ असे म्हणणाऱ्या नवऱ्याने दोरीला हात लावण्याआधी तिचा कागद दोनदा वाचावा.

सगळे आटोपल्यावर पाणी, पांघरूण, काहीतरी गोड आणि शेजारी बसलेले माणूस लागते. एक-दोन दिवसांनी कधी कधी विनाकारण रडू येते, उदास वाटते, हुकूम सोडणाऱ्यालाही. त्या वेळी फोन करून ‘कशी आहेस?’, ‘बरा आहेस ना?’ एवढे विचारावे, आणि मग तो कागद पुन्हा काढावा. पहिल्या खेपेनंतर ‘बघू’तल्या काही गोष्टी मुकाट ‘नको’च्या रकान्यात जातात. त्यांचे कारण विचारायचे नसते.