कॅथेटरमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाच्या निदानाबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : डायलिसिस रुग्णांच्या ताप-हुडहुडीत अँटिबायोटिकपूर्वी दोन ठिकाणचे रक्त कल्चरसाठी घेणे बंधनकारक करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे डायलिसिसचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक आहोत. २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्रे आली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमची तक्रार यंत्रांबद्दल नाही, संसर्गाच्या निदानाबद्दल आहे.

हातावरचा फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर मानेतल्या नळीवर (कॅथेटरवर) भिस्त. डायलिसिस सुरू असतानाच हुडहुडी भरते, ताप चढतो. नळीच्या तोंडाशी लाली नसते, पू नसतो, म्हणून नळी चांगली आहे असे सांगून इंजेक्शन दिले जाते. कल्चर नंतर, तेही एकाच बाटलीत. औषध आधीच रक्तात गेल्यामुळे रिपोर्टमध्ये काही उगवत नाही. उगवलेच तर ते त्वचेवरचे जंतू की खरा संसर्ग, हे एका बाटलीवरून ठरत नाही. मग कधी चांगली नळी निघते, कधी दूषित नळी तशीच राहते. नळी घालण्याजोग्या शिरा मोजक्याच असतात, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आमची मुख्य मागणी अशी : पहिल्या डोसआधी एक नमुना नळीतून व एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात घ्यावा, कुठला नमुना कुठला, हे बाटलीवर लिहावे. दोन्ही बाटल्या स्वयंचलित यंत्रात एकदमच ठेवल्या आणि दोन्हींत एकच जंतू उगवून नळीची बाटली किमान २ तास आधी पॉझिटिव्ह आली, तर बोट नळीकडे जाते. रक्त कमी-जास्त भरले तर या तुलनेला अर्थ उरत नाही. फिस्टुलासाठी राखलेल्या शिरेला सुई लावू नये. हाताची शीर मिळतच नसेल तर डायलिसिसच्या रक्तनळीतून नमुना घेता येतो. अत्यवस्थ रुग्णाचे औषध अडवून धरा, असे आमचे म्हणणे नाही. बाटल्या भरायला काही मिनिटे पुरतात.

जिथे कल्चरचे असे स्वयंचलित यंत्र नाही तिथून बाटल्या त्याच दिवशी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचवाव्यात, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाटल्या बाहेरून आणायला सांगणे थांबवावे. संसर्गाचा संशय नसताना काढलेल्या नळीचे टोक तपासणीला पाठवण्याची प्रथाही बंद व्हावी. त्यातून विनाकारण औषधे सुरू होतात.

आणखी एक. डायलिसिसचा रुग्ण चार तासांनी घरी जातो आणि रिपोर्ट प्रयोगशाळेत पडून राहतो. पॉझिटिव्ह रिपोर्ट त्याच दिवशी केंद्राला व रुग्णाला फोनवर कळवण्याची जबाबदारी नेमून दिलेल्या व्यक्तीवर असावी.

याबाबत सर्व शासकीय डायलिसिस केंद्रांना लेखी आदेश द्यावेत आणि त्याची प्रत केंद्राच्या फलकावर लावावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
डायलिसिस रुग्ण व नातेवाईक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा शल्यचिकित्सक