रंगभूमीची तालीम, पडद्याची कीर्ती

नाटक ही चित्रपटात शिरण्याची केवळ पायरी होय, अशी जी समजूत अलीकडे तरुण कलावंतांत दृढमूल होत चालली आहे, तिचे निराकरण निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या कारकिर्दीकडे पाहिले असता आपोआप होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेले आणि 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नावारूपास आलेले फुले १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तून पडद्यावर रुजू झाले. तरीही १९७२ साली 'सखाराम बाइंडर' उभा करण्यास ते रंगमंचावर हजर होतेच. कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या लागूंनी वैद्यकीचा स्थिर व्यवसाय सोडून १९७० साली रंगभूमीवर 'नटसम्राट' पेलला आणि दोनच वर्षांत पडद्यावर 'पिंजरा'तील मास्तर साकारला. पुढे 'सामना' या चित्रपटात हे दोघे समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा मराठी पडद्याला त्यांनी रंगभूमीवर कमावलेल्या सामर्थ्याचा लाभ झाला.

रंगमंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचविणारा श्वास कॅमेऱ्यापुढे आवरून धरावा लागतो, पापणीच्या हालचालीलाही अर्थ येतो. आणि हा संयम त्यालाच साधतो, ज्याच्यापाशी मुळात आवरण्याजोगे काही असते. ते संचित प्रेक्षकांसमक्ष, प्रयोगामागून प्रयोग करूनच साठते.

म्हणून मालिका-चित्रपटांच्या निर्मात्यांनी करारनाम्यातच नाट्यप्रयोगांच्या तारखांची तजवीज करावी, आणि उमेदवार नटांनी ती मुभा निःसंकोचपणे मागून घ्यावी.