वृक्षनिगेचा धंदा आणि त्याचें भवितव्य

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, रोग व बाजारभाव यांविषयीं माहितीपूर्ण लेख नेहमीं येत असतात, आणि ते वाचून प्रस्तुत लेखकासारख्या अल्पशिक्षित मनुष्यासही पुष्कळ लाभ झाला आहे. परंतु एका गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. झाड लावावें कसें, हें आपण अनेक वेळां वाचलें. पण लावलेलें झाड वीस-तीस वर्षांचें झाल्यावर त्याच्यावर चढून त्याची निगा राखणार कोण, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो आज शेतकरी बंधूंपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली. दक्षिण कोंकणांतील एका कचेरींत असतांना वृक्षतोडीच्या अर्जांचे कागद माझ्या मेजावरून जात. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमान्वयें आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा इत्यादि झाडें खासगी जमिनींत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. जमीन कोणाच्या मालकीची, याची खातरजमा महसुली दप्तरावरून होते. त्यामुळें अर्जांतील कारणें वाचण्याचा प्रसंग मला नित्य येई. ‘फांदी घरावर आली आहे’, ‘सावलीनें भात पिकत नाहीं’, ‘झाड पोखरलें असून धोक्याचें झालें आहे’, हीं तीन कारणें फिरून फिरून लिहिलेलीं असत.

प्रथम मला वाटे कीं, लांकडाच्या पैशासाठीं हें सारें निमित्त आहे. कांहीं अर्जांत तसें असेही. परंतु स्थळपाहणीस जाण्याचा प्रसंग आला तेव्हां निराळेंच दिसूं लागलें. झाड धडधाकट असे. दोन फांद्या उतरविल्या असत्या तर काम भागलें असतें. एका गृहस्थांस मी तसें बोलूनही दाखविलें. ते म्हणाले, “भाऊसाहेब, उतरविणार कोण? चढणारा माणूस आणून दाखवा, अर्ज आतां मागें घेतों.” यावर मला उत्तर सुचलें नाहीं. लांकडाचा व्यापारी सबंध झाड तोडून नेतो आणि वर चार पैसे हातावर ठेवतो. दोन फांद्या उतरवून झाड राखणारा मात्र पैसे मागतो, आणि तोही आतां मिळत नाहीं. असा हा उलटा हिशेब आहे, आणि या हिशेबानें आपल्या बांधांवरचीं झाडें एकामागून एक चाललीं आहेत.

दुसऱ्यांचें कशाला, स्वतःचाच दोष सांगतों. आमच्या परसांत आजोबांनीं लावलेला एक रायवळ आंबा होता. त्याच्या दोन फांद्या गोठ्याच्या कौलांवर आल्या. वाडींत एक वृद्ध गृहस्थ होते. नारळ पाडणें, कलमांची छाटणी, बांडगूळ काढणें यांत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनीं झाडाभोंवतीं दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलें, “पाऊस सरूं द्या. दोरास दुसरा माणूस लागेल, आणि तीन दिवसांची मजुरी पडेल.” मला तें अति वाटलें. दोन फांद्यांस तीन दिवस कशाला? मीं बाजारांतून कुऱ्हाडवाला मजूर आणला आणि भर आषाढांत एका दिवसांत काम उरकलें. मोठी फांदी आपल्या भारानें मोडली, ती खोडाची साल हातभर सोलून खालीं आली. मला खूष करण्यासाठीं त्यानें राहिलेला शेंडाही बोडका केला. पुढल्या वर्षीं जखमेंत भिरूड शिरला. तिसऱ्या वर्षीं अर्धें झाड वाळलें, आणि एका वादळांत उरलेलें आडवें झालें. तें सरपणाच्या भावानें गेलें. गाडी भरत असतां ते वृद्ध गृहस्थ वाटेनें जात होते. ते एवढेंच म्हणाले, “भाऊ, मजुरी वांचली.” तें वाक्य मी अद्याप विसरलों नाहीं.

तीन दिवस कशाला लागतात, हें मला पुढें कळलें. जड फांदी कापावयाची ती तीन कापांनीं कापावी लागते. खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडें पुढें वरून दुसरा, म्हणजे फांदी साल न सोलतां सुटते. मोठी असेल तर ती दोरानें बांधून हळूहळू खालीं सोडावी लागते. मग राहिलेला खुंट, फांदीच्या मुळाशीं जें फुगीर कडें असतें तें राखून, त्याच्या बाहेरून तिसऱ्या कापानें काढावा. अमेरिकेंतील वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो (१९३०–२००६) यांनीं हजारों झाडांचीं खोडें चिरून दाखवून दिलें कीं, झाडाची जखम प्राण्याच्या जखमेसारखी भरून येत नाहीं. झाड कुजलेल्या भागाभोंवतीं आंतून कुंपण घालतें व बाहेरून नवें लांकूड चढवितें. तें कडें छाटलें म्हणजे हें कुंपणच मोडलें. आमच्या वृद्ध गृहस्थांस शिगोचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु त्यांनीं तें कडें कधीं छाटलें नाहीं. त्यांस तें त्यांच्या वडिलांनीं दाखविलें होतें.

बांडगुळाचेंही तसेंच. नुसतीं पानें ओरबाडलीं तर तें पुन्हां फुटतें. जेथें तें फांदींत रुतलें असेल त्याच्या खालून फांदीचा तुकडाच काढावा लागतो, आणि तोही फळें पिकून पक्ष्यांनीं बीं पसरविण्यापूर्वीं. खोडाशीं लांकडाचा भुसा दिसतांच भिरूड ओळखून तारेच्या आंकड्यानें अळी ओढून काढणें, भोंकांत औषधाचा बोळा घालून तें चिखलानें लिंपणें, हें काम डोळा तयार झाल्यावांचून होत नाहीं. यास हमाली म्हणणें म्हणजे आपलेंच अज्ञान प्रकट करणें होय.

आतां हा प्रश्न आजच इतका निकडीचा कां, तें सांगतों. १९९० सालीं राज्य शासनानें रोजगार हमी योजनेशीं निगडित फळबाग लागवड योजना काढली आणि कोंकणांतील वरकस जमिनी कलमांनीं भरून गेल्या. दहा मीटर अंतरानें हेक्टरीं शंभर कलमें, असा तो हिशेब होता. त्या पहिल्या वर्षांतलीं कलमें आज तीस-पस्तीस वर्षांचीं झालीं आहेत. त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या आहेत, आंत ऊन शिरत नाहीं, मोहोर फक्त शेंड्यास येतो, आणि फवारा व झेला दोन्ही तेथवर पोहोंचत नाहींत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठानें अशा जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाची पद्धति दाखवून दिली आहे. मधली उभी फांदी काढून ऊन आंत घेणें, उंची आटोक्यांत आणणें, कापांस बोर्डो पेस्ट लावणें, नव्या फुटींची विरळणी करणें आणि भिरुडापासून झाड राखणें, हीं तिचीं मुख्य अंगें होत. पण मोठ्या छाटणीनंतर दोन-तीन वर्षें उत्पन्न घटतें, आणि याच काळांत भिरूड अधिक लागतो. म्हणजे चुकीच्या हातीं हें काम गेलें तर उपायच अपाय ठरेल. विद्या दापोलीस आहे, थोडाफार पैसा बागाईतदाराजवळ आहे. मधला माणूस मात्र नाहीं.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगड व उत्तर रत्नागिरींतील नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा आडव्या केल्या; मे २०२१ मध्यें तौक्तेनें दक्षिणेकडे हात फिरविला. पडलेलें झाड मोजतां येतें. अर्धवट मोडलेल्या झाडास मात्र वेळींच जाणता हात लागला तर तें वांचतें. तो हात त्या दिवसांत कमी पडला, हें ज्यांच्या बागा होत्या त्यांस सांगावयास नको.

हा धंदा कां बुडत आहे? कारण उघड आहे. काम धोक्याचें, वर्षांतून थोडे दिवस, मजुरी हमालाची आणि मान त्याहूनही कमी. झाडावरून पडून कंबर मोडली तर पुढें विचारणारा कोणी नाहीं. अशा धंद्यांत आपला मुलगा घालावा, असें कोणत्या बापास वाटेल? तो मुंबईस जातो, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. आज पुष्कळ आंबाबागांची राखण नेपाळहून आलेल्या गड्यांवर आहे. ते कष्टाळू आहेत, पण त्यांतील बरेच हंगाम संपला कीं परततात, आणि झाडाची ओळख एका हंगामांत होत नाहीं.

तरीही हा धंदा मरणारच, असें मला वाटत नाहीं. नाशिककडील द्राक्षबागा पाहाव्या. तेथें वर्षांतून दोन छाटण्या होतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. काडी चुकीच्या डोळ्यावर कापली तर घड जातो, हें बागाईतदार जाणतो. म्हणून तो एकरी दर ठरवून टोळ्या लावतो. पेठ, सुरगाणा या डोंगरी तालुक्यांतील आदिवासी स्त्रीपुरुष या कामांत असे तरबेज झाले आहेत कीं, हंगामांत त्यांची वाट पाहावी लागते. केरळांत नारळावर चढणारे मिळेनासे झाले तेव्हां नारळ विकास मंडळानें २०११ सालीं तरुणांस सहा दिवसांचें शिक्षण देण्यास आरंभ केला. यंत्राच्या साह्यानें चढणें, शेंडा साफ करणें, कीड ओळखणें हें शिकवून त्यांस यंत्र दिलें व त्यांचा विमा उतरविला. स्त्रियाही तें शिकल्या. त्या योजनेस नांव दिलें तें ‘नारळवृक्षाचे मित्र’. मजूर नव्हे, मित्र. त्या शब्दांतच अर्धें काम आहे.

कोणी म्हणेल, यंत्रें येत आहेत, माणसाची काय गरज? यांत्रिक करवत फांदी लवकर कापील हें खरें. परंतु कोणती फांदी कापावी हें करवतीस कळत नाहीं. उलट अजाण हातीं करवत आली म्हणजे कुऱ्हाडीनें दिवसभरांत होणारें नुकसान घटकेंत होतें. दुसरे म्हणतील, दहा झाडांच्या धन्यास हा खर्च कसा परवडावा? एकट्यास परवडणार नाहीं, हें मलाही मान्य आहे. म्हणूनच हें काम संघानें हातीं घ्यावें, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट, दर चार-पांच गांवांमागें होतकरू तरुणांची एक टोळी नेमून सभासदांचीं झाडें वर्षाच्या करारानें तिच्याकडे द्यावीं. दर दिवसावर नव्हे, झाडागणिक ठरावा आणि कांहीं भाग आगाऊ मिळावा. पाऊस सरल्यावर छाटणी व बांडगूळ, मग मोहोराची राखण व फवारणी, मार्च ते मे आंबेतोडणी, वळवापूर्वीं घराजवळच्या धोक्याच्या फांद्या, आणि बारमाही नारळ, असें जुळविलें म्हणजे टोळीस वर्षभर काम पुरेल. दुसरी गोष्ट, दोर, कमरपट्टे, शिरस्त्राणें व चांगल्या करवती संघानें घ्याव्या, विमा उतरवावा, आणि दोरावांचून कोणासही उंच झाडावर चढवूं नये. तिसरी, विद्यापीठ व कृषि विज्ञान केंद्रें यांच्याकडून या तरुणांस शिक्षण व दाखला मिळवून द्यावा. शहरांतही पावसाळ्यापूर्वींच्या छाटणीस जाणत्या हातांची गरज आहे. दाखला असलेला मुलगा कोठेंही उपाशी राहणार नाहीं. चौथी गोष्ट माझ्या जुन्या धंद्यांतली आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणींत बांधावरचीं झाडेंही शेतकऱ्यास स्वतः नोंदवितां येतात. ती नोंद प्रत्येकानें करावी, आणि संघानें आपली एक वही ठेवावी: झाड कोणतें, वय किती, शेवटचा हात केव्हां व कोणाचा लागला. दप्तरांत ज्याचें नांव असतें, त्याची कदर होते. झाडाचीही आणि माणसाचीही.

शेवटीं एक गोष्ट पैशाची नव्हे, वागणुकीची. कलम बांधणारास आपण ओटीवर बसवितों, डॉक्टरास खुर्ची देतों. पण झाडावर चढून आपलें वर्षाचें उत्पन्न राखणारास अंगणांतूनच अरे-तुरे करून मजुरी घासाघीस करून देतों. मीही तसेंच केलें आहे. येत्या पावसानंतर असा कोणी जाणता मनुष्य आपल्या दारीं येऊन ‘तीन दिवस लागतील’ असें म्हणाला, तर बंधुहो, त्यास आधीं बसावयास सांगावें, आणि मग त्याचे तीन दिवस मान्य करावे.