रूळ कुणाचे?

धामणगाव रेल्वे. नावातच रेल्वे मिरवणारे हे वऱ्हाडातील गाव. भुसावळ-नागपूर मार्गावरील हे स्थानक एकेकाळी यवतमाळकडच्या कापसाचे दार होते. बैलगाड्यांनी येथे आलेला कापूस मुंबईच्या बंदरात आणि तेथून मँचेस्टरला जाई. पुढे खास कापसासाठी मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर आणि पुलगाव-आर्वी असे अरुंद रूळ घातले गेले. त्यांची मालकी होती किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे. मूर्तिजापूरची ती 'शकुंतला' वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही?

देश स्वतंत्र झाला, १९५१-५२ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पण शकुंतलेचे रूळ त्यातून सुटले. गाडी आपली, चालक आपला, गार्ड आपला, प्रवासी आपले. रूळ मात्र कंपनीचे! त्या रुळांवरून आपलीच गाडी चालवण्यासाठी रेल्वे खाते कित्येक दशके कंपनीला मोबदला देत राहिले. डागडुजीचा प्रश्न रेंगाळत गेला आणि अखेर गाडीच थांबली. या कहाणीवर आपण हळहळतो, हसतोही. पण आज आपल्या तहसील कचेरीत, पंचायत समितीत, नगर परिषदेत आणि सरकारी बँकेत नेमके हेच चालले आहे, याकडे कोणाचे लक्ष जाते?

संगणकावरील प्रत्येक काम ज्या मूळ प्रणालीच्या आधाराने चालते, तिला 'ऑपरेटिंग सिस्टम' म्हणतात. संगणकाचे रूळच ते! आपल्या बहुतेक शासकीय कचेऱ्यांत ही प्रणाली मायक्रोसॉफ्टची विंडोज आहे. तिच्या पोटात काय आहे, हे पाहण्याचा, त्यात बदल करण्याचा वा ती दुसऱ्याला देण्याचा अधिकार पैसे मोजूनही आपल्याला मिळत नाही. मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना. शेतकऱ्याचा सातबारा, जन्ममृत्यूच्या नोंदी, निराधारांचे अनुदान अशा आपल्या नोंदी परक्याच्या रुळांवरून धावतात आणि रूळ केव्हा उखडायचे, हे तो परका ठरवतो.

ही अतिशयोक्ती नव्हे. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची देखभाल थांबली, १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज सातची आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहाचीही सर्वसाधारण देखभाल संपली. पुढची आवृत्ती अनेक जुन्या संगणकांना चालत नाही. म्हणजे धडधाकट यंत्र भंगारात काढा, नवे घ्या, नाहीतर असुरक्षित राहा. असुरक्षित राहण्याची किंमत मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'च्या हल्ल्यात जगाने मोजली. आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही त्यातून सुटले नाहीत.

याहून गंभीर प्रसंग जुलै २०२५ मधला. गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर, तिच्यात रशियन भागीदारी असल्याने, युरोपीय संघाने निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसारख्या सेवा बंद केल्या. भारताच्या न्यायालयाने नव्हे, भारताच्या शासनाने नव्हे, तर दूर युरोपात झालेल्या निर्णयावरून! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. आज जे एका कंपनीच्या वाट्याला आले, ते उद्या एखाद्या सरकारी खात्याच्या वाट्याला येणार नाही, याची हमी कोण देणार?

पर्याय नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, वाटावी. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तीतील एकूण एक संगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतो. 'मग लिनक्सही परदेशीच की!' असा आक्षेप येतो. पण ज्या विहिरीवर सगळ्यांचा सारखा हक्क आहे, ती कोणी खणली, याने काय बिघडते? तिचा दोर कोणी कापू शकत नाही, हे महत्त्वाचे. सी-डॅकने याच पायावर मराठीसह भारतीय भाषांत चालणारी 'बॉस' प्रणाली २००७ मध्ये दिली. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली स्वीकारली. सीमेच्या रक्षणासाठी जे योग्य, ते तहसीलदारांच्या टेबलावर अयोग्य कसे?

केरळचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. तरीही ते द्यायलाच हवे. २००१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून त्या राज्याने सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आणल्या आणि सत्ता कोणत्याही आघाडीची आली तरी ते काम मोडले नाही. स्वदेशीचा उच्चार आपण करायचा आणि आचार त्यांनी, हे भूषणावह आहे काय? उलट महाराष्ट्रात 'संगणक येतो' याचा अर्थ गेली दोन दशके 'विंडोज आणि ऑफिस येते' एवढाच राहिला. लिपिकाच्या पहिल्या धड्यातच परावलंबन!

केंद्राचे धोरण तर २०१५ पासून आहे. खुल्या प्रणालीला प्राधान्य द्यावे आणि ती वगळायची असेल तर कारण द्यावे, असे ते सांगते. धोरण कागदावर राहिले, कारण लिनक्सचा संगणक टेबलावर ठेवला तरी छपाईयंत्र, अंगठ्याचे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीची चावी आणि खात्याचे संकेतस्थळ विंडोजच मागत राहिले. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये माघारी फिरण्याचे ठरवले. राजकीय पाठबळ आणि चिकाटी सरली की काय होते, याचा हा धडा आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. खुली प्रणाली का नाकारली, याचे कारण प्रत्येक खरेदीच्या वेळी जाहीर व्हावे. लिनक्सवर न चालणारे यंत्र वा संकेतस्थळ शासनाने स्वीकारू नये. भरतीसाठीच्या संगणक प्रशिक्षणात दोन्ही प्रणाली शिकवाव्यात. आणि प्रारंभ एका तालुक्यापासून व्हावा. धामणगाव रेल्वे का नको? देखभालीला पैसा लागेल, हे खरे. पण तो परवान्यापोटी परदेशी न जाता बडनेरा, अमरावती, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या हाती पडेल.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला. स्वदेशीची व्याख्याने ऐकणाऱ्या आपल्या घरांत, आपल्या शाळांत, पतसंस्थांत चोरून टाकलेली विंडोज किती संगणकांवर आहे? परक्याचे ऋण वाईट. परक्याची चोरी त्याहून वाईट. शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या संस्थेतील एक तरी संगणक मुक्त करून दाखवावा.

अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा १९९१ मध्ये 'परम' उभा करणाऱ्या चमूचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांनी केले. त्यांचे जन्मगाव मुरंबा, तालुका मूर्तिजापूर. ज्या तालुक्यात परक्यांच्या रुळांवर शकुंतला धावली, त्याच तालुक्याच्या सुपुत्राने स्वतःचे रूळ घालता येतात हे सिद्ध केले. या दोनपैकी कोणता वारसा पुढे चालवायचा, हे वऱ्हाडाने ठरवायचे आहे.