अति घाई संकटात नेई

वाचकहो, मागच्या आठवड्यात एका भगिनीने आम्हांला रस्त्यात थांबवले. "जयभीम भाऊ. आमचं पोरगं तुमच्या अभ्यासिकेत जातं. तिथं म्हणे कॉम्प्युटरवर नुसती अक्षरं मारामाऱ्या करतात. दहावीला गणितात गेलेल्या पोराला हे काय शिकवता?" प्रश्न रास्त होता. रस्त्यात उभे राहून उत्तर देण्यासारखा मात्र नव्हता. म्हणून आज हे सदर त्या खेळासाठी राखून ठेवले आहे.

नगरमधल्या आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक जुना संगणक आहे. एका कार्यालयाने मोडीत काढलेला. इंटरनेट नाही, चित्रांचे नवे खेळ त्यावर चालत नाहीत. त्यावर आम्ही 'नेटहॅक' नावाचा खेळ घालून ठेवला आहे. नावातल्या 'हॅक' शब्दाने पालकांनी दचकू नये. बँकेची खाती फोडण्याशी त्याचा काही संबंध नाही. इथे हॅक म्हणजे तलवारीने सपासप वार करणे.

या खेळाचे कूळ जुने आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विकमन या तरुणांनी 'रोग' नावाचा खेळ लिहिला. केन आर्नोल्ड यांनी त्यात भर घातली. पुढे जे फेनलसन या शाळकरी मुलाने मित्रांना घेऊन त्याच धर्तीवर 'हॅक' रचला. १९८४ मध्ये आंद्रिएस ब्राउवर या डच गणितज्ञाने तो नव्याने बांधला आणि १९८७ मध्ये त्यातून नेटहॅक आला. देशोदेशीच्या लोकांनी संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांना दुरुस्त्या पाठवत तो वाढवला, म्हणून 'नेट'. आजही तो फुकट मिळतो. त्यात जाहिरात नाही, नाणी विकत घ्या म्हणून मागे लागणे नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राला २०२५ मध्ये करावा लागला. त्या खेळांनी कितीतरी घरांची पगाराची पाकिटे रिकामी केली. हा खेळ त्या पंक्तीतला नव्हे.

पडद्यावर चित्र नसते. '@' हे चिन्ह म्हणजे आपण. ठिपके म्हणजे जमीन, रेघा म्हणजे भिंती, इंग्रजी अक्षरे म्हणजे प्राणी आणि शत्रू. आपण एका भुयारात उतरतो. एकाखाली एक असे जवळपास पन्नास मजले. तळातून एक ताईत आणायचा आणि पुन्हा वर यायचे. ताईत कशाला, असे आम्हांला विचारू नका. आमच्या अभ्यासिकेत तिथवर अजून कोणी पोचलेले नाही.

खेळाचे दोन नियम कडक आहेत. पहिला, मेलात की संपले. अर्धा खेळ जतन करून उद्या पुढे खेळता येतो, पण उघडताच ती जतन केलेली प्रत पुसली जाते. दुसरा, दर वेळी भुयार नवे तयार होते. म्हणजे गाइड पाठ करून पास व्हायची सोय नाही. समजून घेतले तरच निभाव लागतो.

आमचीच फजिती सांगतो. आम्ही सामुराई घेऊन रोज रात्री अर्धा तास, असे तीन आठवडे खेळलो. सहाव्या मजल्यावर एक निळे लहान 'ई' दिसले. हवेत तरंगणारा डोळा. ते हलेना, चावेना. आम्हांला वाटले, आयती शिकार! तलवार मारली आणि जागीच लुळे पडलो. त्या डोळ्याला हाताने किंवा हातातल्या हत्याराने मारले की तो नजरेने आपल्याला खिळवून टाकतो. शंभरावर चाली हलता येत नाही, अशीही पाळी येते. तेवढ्यात एका साध्या कोल्ह्याने येऊन आमचे लचके तोडले. त्या रात्री आम्ही जेवलो नाही. घरातून आवाज आला, "महिनाअखेर हिशेब जुळला नाही तर वही फाडून टाकता का? जेवा गुमान!" दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयातल्या सवयीने एक वही घातली आणि चुका नोंदवू लागलो. नवशिक्यांसाठी त्या वहीतल्या काही नोंदी इथे देतो.

एक. सुरुवातीला वाल्किरी निवडा. ही लढवय्यी बाई या खेळात नवख्यासाठी सर्वांत खंबीर. तिला थंडीचा मार बाधत नाही, शिवाय ती पाय न वाजवता चालते. त्यातही ड्वार्फ म्हणजे बुटक्या खाणकाम्यांच्या कुळातली घ्या. दुसऱ्या ते चौथ्या मजल्याच्या दरम्यान खाणींकडे जाणारा वेगळा जिना असतो. तिथले बहुतेक रहिवासी मग आपल्याला आपले समजतात. खेळ विचारतो, "खरेच मारायचे?" तेव्हा 'नाही' म्हणा. निरपराध्याला मारले तर खेळ आपले नशीब खाली ओढतो.

दोन. हा खेळ तुमच्यासाठी थांबतो. तुम्ही कळ दाबली तरच शत्रू हलतो. समोर राक्षस उभा असताना चहा करून पिऊन या, तो तसाच उभा असेल. तरीही पोरे बाणाची कळ दाबून धरतात आणि एका दमात दहा पावले मृत्यूकडे चालत जातात. संकटात एका चालीला एकदाच बोट.

तीन. पडद्याच्या तळाशी 'एचपी' म्हणून आकडा असतो. ती जिवाची शिल्लक. ती एक-तृतीयांशावर आली की लढाई थांबवा. शिल्लक संपल्यावर हिशेब मांडून उपयोग नसतो. जिना जवळ असेल तर वर निघून जा. अगदी अंगाला भिडलेला शत्रूच मागे येतो, बाकीचे खालीच राहतात.

चार. खाली उतरायची घाई नको. शत्रू किती भारी येणार, हे साधारणपणे मजल्याचा क्रमांक आणि आपली पातळी यांच्या सरासरीवर ठरते. आपण पातळी दोनवर असताना दहाव्या मजल्यावर गेलो तर सरासरी सहा, म्हणजे आपल्या तिप्पट. आधी वरचे मजले नीट पाहून घ्या. सहाव्या ते नवव्या मजल्याच्या दरम्यान एक जादा जिना वर जातो. तिथे धोंडे ढकलून खड्डे बुजवायचे कोडे असते. डोके शांत असणाऱ्यांना ते फार आवडते, शिवाय वाटेत भरपूर अन्न मिळते.

पाच. सोबतचे कुत्रे किंवा मांजर सांभाळा. खाली उतरताना ते शेजारच्या घरात असेल तरच बरोबर येते. एखाद्या वस्तूवरून ते कुरकुरत, अनिच्छेने गेले, असे खेळ सांगतो. तेव्हा ती वस्तू शापित समजा आणि अंगावर चढवू नका.

सहा. भूक लागली असे पडद्यावर आले की खा, त्याआधी नको. पोट तुडुंब असताना खात राहिले तर ठसका लागून मरण येते. मेलेला प्राणी खायचा तर आपण नुकताच मारलेलाच. किती वेळ पडून आहे हे माहीत नसलेल्या मढ्याला तोंड लावू नका. पिवळ्या लहान 'सी'पासून दूर राहा. तो कॉकट्राइस. त्याला उघड्या हाताने शिवले किंवा त्याचे मांस खाल्ले तर माणसाचा दगड होतो.

सात. वाचकांना हसू येईल, पण या खेळात प्रार्थना चालते. मात्र तिथे तो श्रद्धेचा नव्हे, हिशेबाचा मामला आहे. जिवाची शिल्लक एक-सप्तमांशाखाली किंवा ६ च्या खाली गेली, किंवा भुकेने अशक्तपणा आला, तरच ती उपयोगी. पहिल्या ३०० चालींत करू नये, आणि एकदा केली की सुमारे १००० चाली पुन्हा करू नये. नशीब उणे असेल तर उलटते. खाणीतल्या देवळातला पुजारी तर पातळीच्या ४०० पट सोन्याची दक्षिणा घेऊन संरक्षण देतो. दुसऱ्या पातळीवरच्या माणसाला ८००. खेळ रचणाऱ्यांना जगाची माहिती चांगली दिसते!

आठ. दुकानात चोरी नको आणि दुकानदाराशी भांडण तर नकोच. तो आपल्यापेक्षा कितीतरी भारी असतो. पण भावावर नजर ठेवा. गुंडाळ्यांवर काय लिहिले आहे हे आपल्याला कळत नसते, मात्र वस्तू ओळखून देणाऱ्या गुंडाळीचा मूळ भाव २०, सगळ्यांत कमी. दुकानदार काही वेळा एक-तृतीयांश चढवून सांगतो. हे ज्याला कळले त्याने वाणिज्य शाखेचा पहिला धडा गिरवला.

नऊ. ही नोंद आम्हांला सर्वांत आवडते. जमिनीवरच्या धुळीत बोटाने 'एल्बेरेथ' हा शब्द लिहिला की बहुतेक राक्षस जवळ येऊन भिडत नाहीत. कॅपिटल 'ई' दाबायचा, बोटासाठी आडवी रेघ, मग इंग्रजी स्पेलिंग: ई, एल, बी, ई, आर, ई, टी, एच. एक अक्षर चुकले तर उपयोग नाही. माणसे आणि मिनोटॉर नावाचा बैलतोंड्या त्याला जुमानत नाहीत. त्यावर उभे राहून तलवार चालवली तर अक्षरे पुसली जातात आणि कधी आपोआपही पुसतात. तरी दोन श्वास घ्यायला तेवढे पुरते. ज्याला लिहिता येते तो वाचतो. आपल्या पोरांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. याच कळेने सापडलेल्या कांडीनेही लिहून पाहा. कित्येक कांड्या त्यातून आपली ओळख सांगतात.

दहा, आणि शेवटची. मरायची वेळ आली असे वाटले की 'आय' दाबा आणि पोतडीतली एकेक वस्तू वाचा. आमच्या वहीत आजवर एकोणतीस मृत्यूंची नोंद आहे. त्यांतले बरेचसे शत्रू भारी होता म्हणून झालेले नाहीत. जवळ उपाय असताना तो पाहिला नाही, म्हणून झाले आहेत.

आता त्या भगिनीच्या मुलाविषयी. निकाल लागल्यापासून तो कोणाशी बोलत नव्हता. अभ्यासिकेत यायचा आणि कोपऱ्यात बसायचा. एकदा आम्ही त्याला खेळायला बसवले. चार-पाच दिवसांनी सातव्या मजल्यावर सैनिकी मुंग्यांनी त्याला घेरले आणि तो मेला. मेल्यावर खेळ विचारतो, तुमच्याजवळ काय काय होते ते पाहायचे का? त्याने 'हो' म्हटले. यादीत एक कांडी होती. तिसऱ्या मजल्यावर सापडलेली, कधीच न वापरलेली. ती खोदायची कांडी निघाली. खाली रोखून एकदा मारली असती तर जमिनीला भोक पडून तो खालच्या मजल्यावर निसटला असता. पोरगा बराच वेळ त्या यादीकडे बघत बसला. मग म्हणाला, "काका, व्हती की जवळच."

दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या वहीत स्वतःच्या हाताने नोंद केली: 'मजला ७. मुंग्या. कांडी पाहिली नाही.' आम्ही म्हटले, "गणिताच्या पेपरची अशी नोंद करता येईल का?" तो म्हणाला, "पेपर कुठं हाये आपल्याकडं?" त्याला माहीतच नव्हते, की फी भरून बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते. आम्ही अर्ज भरून दिला. प्रत आली. दोघांनी शेजारी बसून ती पाहिली. भूमितीची दोन उदाहरणे त्याने अर्धी सोडली होती. पुढची पायरी त्याला येत होती, आमच्यासमोर त्याने ती करून दाखवली. आम्ही विचारले, "मग सोडली का?" तो म्हणाला, "बाकीची पोरं उठायला लागली व्हती."

घाटातल्या रस्त्यावर पाटी असते, अति घाई संकटात नेई. ड्रायव्हरसाठी लिहिलेली ती पाटी आमच्या संगणकाच्या वर आता याच मुलाने खडूने लिहून ठेवली आहे.

तेव्हा भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. आम्ही त्याला मारामारी शिकवत नाही, थांबायला शिकवतो. खेळाला दिवसाला अर्धा तास, तोही गणिताची पाच उदाहरणे दाखवल्यावर. हा नियम त्याला मान्य आहे. पुरवणी परीक्षेचा फॉर्म त्याने भरला आहे. पास होईल की नाही हे आम्ही कसे सांगणार? पण पेपरच्या दिवशी बाकीची पोरे उठली तरी शेवटची घंटा होईपर्यंत बाकावरून उठायचे नाही, एवढे त्याने आम्हांला कबूल केले आहे. तुम्हीही त्या दिवशी सकाळी डब्याबरोबर तेवढीच आठवण करून द्या.