एक्स-रे साफ, म्हणून खुबा साफ?

‘एक्स-रे साफ आहे ना? मग वात आहे. तेल चोळा, पुडी घ्या. एमआरआय हा डॉक्टरांचा धंदा.’ आमच्या धाराशिव जिल्ह्यात एक गृहस्थ हे गावोगाव सांगतात आणि सोलापूर-लातूरची खेप टळते म्हणून लोकांना ते पटतंही.

मुळात एक्स-रेत दिसतो तो हाडातला चुना. रक्त दिसत नाही. खुब्याच्या बॉलला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या मांडीच्या हाडाच्या मानेला बिलगून वर चढतात. ती वाट बंद पडली तर भरवशाची दुसरी नाही. मान मोडली, सिकलसेल असला, दारू किंवा स्टेरॉइड फार झालं, की पुरवठा तुटतो आणि आतल्या पेशी मरतात. पण मेलेल्या हाडातला चुना जागेवरच राहतो! म्हणून एक्स-रे कित्येक महिने साफ येऊ शकतो. पेशीच नाहीत तर डागडुजी कोण करणार? बारीक तडे साचतात आणि अंगाच्या भाराखाली बॉल चेपतो. तेव्हा एक्स-रेत सगळं दिसतं, पण मूळचा सांधा वाचवायची वेळ बहुधा गेलेली असते. त्यात कळ जांघेतून गुडघ्यात उतरते, म्हणून घरचे गुडघाच चोळत बसतात. तो साफ एक्स-रे दाखवून रुग्णाला घरी बसवणं हा अपराध आहे.

खुब्याचं हाड असं मरणं हा ‘दारुड्यांचा रोग’ म्हणे. पण 2021 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून कोविडनंतर खुब्याचं हाड मेलेले तीन रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. त्यांना मिळालेलं स्टेरॉइड सरासरी 758 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं होतं आणि कोविडच्या निदानानंतर सरासरी 58 दिवसांत दुखणं सुरू झालं.

पुड्यांवरून आमचं भांडण जुनंच आहे. एका दिवसात कळ थांबवणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड अनेकदा सापडलं आहे. म्हणजे ज्याने हाड मरतं, तेच औषध म्हणून द्यायचं!

मग करायचं काय? जांघ दुखते, मांडी घालून बसवत नाही, आणि मागे स्टेरॉइड किंवा दारू झालेली आहे, तर दोन्ही खुब्यांचा एमआरआय करा. दुसरी बाजूही पुष्कळदा बिघडलेली निघते. बॉल चेपला नसेल तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करता येतो. चेपला तर बहुतेकदा सांधाच बदलावा लागतो. दारू सोडा, पुडी फेका. मात्र डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो.