उशिरा दिलेली सवलत

शुद्धलेखन आणि बुद्धी यांचे नाते आपण मराठीच्या अध्यापकांनी इतके गृहीत धरले आहे, की काना-मात्रा चुकवणारा विद्यार्थी आपल्याला आधी निष्काळजी वाटतो, मग आळशी आणि अखेरीस मठ्ठ. लिपी वाचणे हेच त्याला अवघड जात असेल, हा विचार सुचतो तो पुष्कळदा दहावीच्या तोंडावर. कारण तेव्हा सवलतीसाठी प्रमाणपत्र लागते. मुळाक्षरांपासून सुरू झालेल्या अडचणीला नाव मिळायला नऊ-दहा वर्षे लागावीत, यात मुलाचा दोष कोणता?

हे ज्ञान काही नवे नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १४ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. १९९५ च्या केंद्रीय अपंग कायद्यात नसलेली ही अक्षमता २०१६ च्या कायद्यात आली. दरम्यान २००७ साली 'तारे जमीं पर' पाहून आपण डोळेही पुसले. उत्तरपत्रिकेवरची लाल शाई मात्र तशीच राहिली.

वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणे या सवलती आवश्यकच आहेत. पण त्यांनी परीक्षा पार पडते, वाचन येत नाही. ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध, जोडाक्षरांची फोड हे सावकाश, पद्धतशीर शिकवावे लागते आणि त्याचे वय पहिली-दुसरीचे आहे.

यावर ठरलेले आक्षेप येतात. आठव्या वर्षाआधी निदान पक्के होत नाही, हा पहिला. २०१८ च्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनीही तिसरी किंवा आठवे वर्ष हाच चाळणीचा टप्पा धरला. परंतु वयाची अट प्रमाणपत्राला आहे, मदतीला नाही. अडखळणाऱ्या मुलाला वेगळ्या रीतीने शिकवायला कोणत्या शिक्क्याची वाट पाहायची? मुलावर शिक्का बसेल, हा दुसरा आक्षेप. 'मठ्ठ' हा शिक्का नव्हे काय? तो तर निदानाआधीच बसलेला असतो.

आपल्या भाषेपुरती आणखी एक अडचण आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मराठीत जवळजवळ सर्वच करतात. त्या गर्दीत हे मूल सहज दडते. त्याची खरी खूण ऱ्हस्व-दीर्घात नसून वाचनात सापडते: संथ, अडखळते वाचन, गळणाऱ्या मात्रा, जोडाक्षरापाशी थबकणे, आणि तोंडी विचारल्यास येणारे नेमके उत्तर. ही खूण ओळखायला डॉक्टर लागत नाही. मूल वाचत असताना ऐकणारा शिक्षक लागतो. असे ऐकणे अध्यापक-प्रशिक्षणात सक्तीने शिकवले जावे, आणि हा आग्रह मराठीच्या विभागांनीच धरावा. कवितेचे मर्म तोंडी उलगडून सांगणारा विद्यार्थी वेलांटीपायी साहित्याबाहेर जात असेल, तर शुद्धलेखनाचा अभिमान आपण कशासाठी बाळगायचा?